आंतरराष्ट्रीय न्यायाधीशपदाची तयारी: खान्देशातल्या मानवी हक्कांच्या वकिलांसाठी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या बाररूममध्ये हा विषय निघाला की पहिला प्रश्न पदवीचा असतो. एलएल.एम. कुठून करावं, पीएच.डी. लागते का, इंग्लंडला जावं की जिनिव्हाला? या प्रश्नांची उत्तरं पुढे दिली आहेत, पण सुरुवात तिथून करायची नसते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीत, म्हणजे ते ज्या मूळ नियमांवर चालतं त्यांत, पदवीचा उल्लेखच नाही. उच्च नैतिक चारित्र्य हवं, आणि त्याशिवाय दोनपैकी एक गोष्ट हवी: आपल्या देशातल्या सर्वोच्च न्यायिक पदासाठी लागणारी पात्रता, किंवा आंतरराष्ट्रीय कायद्यातला मान्यताप्राप्त अधिकार. यातलं काहीच एका वर्षात मिळत नाही. रोजच्या वकिलीत, रोजनाम्यात म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, आणि निकालपत्रांत त्याचा पुरावा साठत जातो. कुणी तो साठवतो, कुणाचा तालुका कोर्टाच्या कपाटात पडून राहतो.

म्हणून हा लेख पंधरा-वीस वर्षांचा पल्ला धरून लिहिला आहे. वय पंचविशीचं असेल तर उत्तम. चाळिशी ओलांडली असेल तरी काही दारं उघडी आहेत, ती कोणती ते आधी पाहू.

आधी पासपोर्ट, मग पात्रता

हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय भारतीयाला खुलं आहे. तिथे १५ न्यायाधीश असतात, मुदत ९ वर्षांची, दर तीन वर्षांनी ५ जागांची निवडणूक, आणि एका देशाचे दोन न्यायाधीश चालत नाहीत. आजवर भारताचे चार जण तिथे निवडून गेले: बेनेगल नरसिंग राव, नगेंद्र सिंग, आर. एस. पाठक आणि २०१२ पासून दलवीर भंडारी. राव आणि सिंग आयसीएसमधून, म्हणजे ब्रिटिशकालीन प्रशासकीय सेवेतून आले होते. पाठक देशाचे सरन्यायाधीश होते. भंडारी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. केवळ वकिलीच्या बळावर तिथे पोचलेला भारतीय अजून नाही. मनात हेच न्यायालय असेल तर मधला टप्पा, म्हणजे न्यायासन किंवा संयुक्त राष्ट्रांतलं तज्ज्ञपद, आत्ताच आखायला हवा.

मानवी हक्कांचे बहुतेक वकील स्वप्न बघतात ते हेगच्याच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं, आणि सगळ्यात मोठा गैरसमजही तिथेच आहे. हे न्यायालय ज्या कराराने उभं राहिलं त्या रोम संविधीच्या कलम ३६ नुसार उमेदवार सदस्य देशाचा नागरिक असावाच लागतो. दुसऱ्या देशाने नाव सुचवलं तरी ही अट सुटत नाही. भारत या संविधीचा सदस्य नाही. म्हणजे भारतीय पासपोर्ट असेपर्यंत तिथल्या १८ खुर्च्यांपैकी एकही आपली होऊ शकत नाही. तरीही कलम ३६ काढून वाचा, कारण मानवी हक्कांच्या वकिलाची पात्रता इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे क्वचितच लिहिली आहे. उमेदवारांच्या दोन याद्या असतात. पहिलीत फौजदारी कायदा आणि कार्यपद्धतीत सिद्ध झालेली क्षमता, आणि फौजदारी खटल्यांत न्यायाधीश, सरकारी वकील किंवा वकील म्हणून अनुभव. दुसरीत मानवतावादी कायदा, मानवी हक्क यांसारख्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या शाखांतलं ज्ञान, आणि न्यायदानाच्या कामाला उपयोगी पडेल असा व्यावसायिक अनुभव. आपण कोणत्या यादीत बसतो हे स्वतःलाच विचारा. 'दोन्हीत थोडंथोडं' असं उत्तर आलं, तर समजा की अजून एकाही यादीत बसत नाही.

प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयं तीन: स्ट्रासबर्गचं युरोपीय, सॅन होजेचं आंतर-अमेरिकी आणि अरुशाचं आफ्रिकी. तिन्हींत त्या-त्या प्रदेशातल्या सदस्य देशांशी जोडलेली माणसं निवडली जातात. आशियाला असं न्यायालयच नाही. युरोपातल्या किंवा लॅटिन अमेरिकेतल्या वकिलाला जी सरळ वाट मिळते ती आपल्याला मिळत नाही, हे कडू आहे पण खरं आहे. हॅम्बर्गचं सागरी कायद्याचं न्यायाधिकरण भारतीयांना खुलं आहे. पी. चंद्रशेखर राव तिथे अध्यक्ष होते, आणि २०१७ मध्ये नीरू चढ्ढा निवडून गेल्या. पण तिथे समुद्रविषयक कायद्याचाच अधिकार लागतो.

एक दार मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणारी दोन न्यायाधिकरणं आहेत: विवाद न्यायाधिकरण आणि अपील न्यायाधिकरण. तिथल्या जागांची जाहिरात निघते, उमेदवार स्वतः अर्ज करतो, आणि अंतर्गत न्याय परिषदेच्या शिफारशीवरून आमसभा निवड करते. विवाद न्यायाधिकरणाला प्रशासकीय कायद्यातला किंवा समतुल्य किमान १० वर्षांचा न्यायिक अनुभव लागतो, अपिलाला १५ वर्षांचा. मुदत ७ वर्षांची, पुन्हा नेमणूक नाही. सरकारने नाव पाठवण्याची वाट पाहावी लागत नाही. अट एकच आणि ती कडक: अनुभव न्यायासनावरचा हवा.

दहा वर्षांचा हिशोब

'देशातल्या सर्वोच्च न्यायिक पदासाठीची पात्रता' म्हणजे आपल्याकडे राज्यघटनेचं कलम १२४(३). उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून ५ वर्षं, किंवा उच्च न्यायालयाचे वकील म्हणून १० वर्षं, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामांकित विधिज्ञ. वकिलासाठी मधली अट महत्त्वाची.

'मी तर शहाद्याच्या कोर्टात वकिली करतो, मग मी उच्च न्यायालयाचा वकील कसा?' ही शंका रास्त आहे. २००९ साली महेशचंद्र गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीविषयीच्या कलम २१७ चा अर्थ लावताना सांगितलं की पात्रतेसाठी वकिली करण्याचा हक्क मोजायचा, प्रत्यक्ष किती प्रकरणं चालवली हे नाही. तो पात्रतेचा नव्हे, योग्यतेचा भाग झाला. म्हणजे राज्याच्या नोंदवहीत नाव लागल्यापासूनची वर्षं धरण्याला भक्कम आधार आहे. पण निवड करणारे योग्यता बघतात. म्हणून आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठीच्या औरंगाबाद खंडपीठात दर वर्षी थोडी तरी प्रकरणं स्वतःच्या वकीलपत्रावर लढवा. खाली मेहनत करून कागद तयार करायचे आणि वर दुसऱ्या वकिलाकडे फाईल द्यायची, अशी आपल्याकडे पद्धत आहे. पैशाच्या आणि वेळेच्या दृष्टीने ती सोयीची आहे. पण निकालपत्रावर नाव त्या वकिलाचं छापलं जातं, आणि १५ वर्षांनी तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. निदान सहकारी वकील म्हणून वकीलपत्रात नाव घाला आणि हजेरीत ते येतंय का हे निकाल अपलोड झाल्या दिवशी तपासा.

दुसरी चूक संस्थांमध्ये काम करणाऱ्यांची. बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. सामाजिक संस्थेत 'विधी समन्वयक' म्हणून महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, नेमणूकपत्र, आणि सनद मात्र चालूच, अशी अवस्था बऱ्याच जणांची असते. हे उघड झालं की दोन गोष्टी एकदम जातात: तेवढी वर्षं आणि चारित्र्याची बाजू. संस्थेशी करार प्रकरणनिहाय फीचा किंवा सल्ल्याच्या मोबदल्याचा करा. पूर्णवेळ नोकरीच धरायची असेल तर रीतसर सनद स्थगित करा आणि तेवढा काळ हिशोबातून वजा धरा.

खरं भांडवल: फाईल

दहा वर्षांत शेकडो प्रकरणं हाताखालून जातात. त्यातली दहा-बारा अशी निवडायची की ज्यांत तथ्यं गुंतागुंतीची आहेत, कायद्याचा प्रश्न खरा आहे, आणि आंतरराष्ट्रीय कायदा ओढूनताणून आणलेला नाही. खान्देशात अशा प्रकरणांची वाण नाही. कोठडीतले मृत्यू, अ‍ॅट्रॉसिटी, सातपुड्यातले वनहक्क, गुजरातच्या साखर कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची उचल आणि वेठबिगारी, डाकीण ठरवून बाईला गावाबाहेर काढणं, जातपंचायतीचा बहिष्कार: यातल्या प्रत्येकाला देशी कायदा आहे आणि त्यामागे भारताने स्वीकारलेला एखादा करारही आहे.

चूक कुठे होते ते एका परिच्छेदावरून दाखवतो. कोठडीतल्या मृत्यूच्या रिट याचिकेत भरपाई मागताना वकील लिहितो, 'नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ९(५) नुसार बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क आहे आणि भारत या कराराला बांधील आहे.' वाक्य दमदार आहे. पण १० एप्रिल १९७९ रोजी करार स्वीकारताना भारताने याच कलमावर निवेदन दिलं आहे: भारतीय कायद्यात शासनाविरुद्ध अशा भरपाईचा अंमलबजावणीयोग्य हक्क नाही. सरकारी वकिलाने तेवढा कागद काढला की याचिकेचा सूर बिघडतो. तोच परिच्छेद नीट लिहायचा तर क्रम असा हवा. आधी घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क. मग रुदल शाह निकाल, १९८३, जिथे बेकायदा कैदेबद्दल भरपाई दिली गेली. मग नीलाबती बेहेरा, १९९३, जिथे सर्वोच्च न्यायालयाने कलम ९(५) चा आधार घेऊनच कलम ३२ आणि २२६ खालची भरपाई पक्की केली. मग भारताचं निवेदन स्वतःच पुढे ठेवायचं, लपवायचं नाही. आणि लगेच डी. के. बसू निकाल, ज्यात न्यायालयाने या निवेदनाचं महत्त्व आता उरलेलं नाही असं म्हटलं. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आपणच आधी सांगून तिचं उत्तर देणं, ही न्यायाधीशाची सवय आहे. निवड समितीतला वाचक लेखनात तीच शोधतो.

याच प्रकरणात साक्षीपुराव्याचा भाग तितकाच मोलाचा. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा उलटतपास घ्यायच्या आधी दोन दस्तऐवज वाचा: संशयास्पद मृत्यूच्या तपासासाठीचा मिनेसोटा प्रोटोकॉल, जो २०१६ मध्ये सुधारला गेला, आणि छळाच्या खुणा नोंदवण्याचा इस्तंबूल प्रोटोकॉल, जो २०२२ मध्ये सुधारला गेला. त्यांची नावं कोर्टात घेण्याची गरज नाही. तळपायाची त्वचा कापून खालचे मुके मार तपासले का, प्रत्येक जखमेचा फोटो मोजपट्टीसह घेतला का, कपडे जप्त करून सीलबंद केले का, हे प्रश्न विचारले तरी पुरे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खालची न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली का, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवलं का, हेही नोंदीवर आणा. आयोगाकडे तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करायची असते. ही मुदत हुकल्याने अनेक चांगली प्रकरणं तिथे दाखलच होत नाहीत.

दुसरं उदाहरण नंदुरबारचं. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं आली, मणिबेली त्यात पहिलं. विस्थापनाविरुद्धच्या लढ्यातून, धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स आयोगाचा अहवाल १९९२ मध्ये आला, १९९३ मध्ये कर्जाचा उरलेला भाग थांबला, आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारींसाठी तपासणी पॅनेल स्थापन केलं. मोर्स आयोगाने ज्या दस्तऐवजावर बोट ठेवलं त्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आदिवासींविषयीचा करार क्रमांक १०७ होता. भारताने तो १९५८ मध्ये मान्य केला, तो आजही लागू आहे. पुष्कळ वकील सवयीने करार १६९ चा दाखला देतात, तो भारताने मान्य केलेला नाही. हा फरक न कळणाऱ्या उमेदवाराला मुलाखतीत दुसरा प्रश्न विचारला जात नाही.

करार १०७ च्या कलम १२ मध्ये विस्थापित आदिवासींना निदान तेवढ्याच प्रतीची जमीन देण्याची तरतूद आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ड) म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या 'एम' खंडात, १३ डिसेंबर २००५ पूर्वी पुनर्वसनाविना बेकायदा हटवलेल्यांना मूळ जागी पुनर्वसनाचा आणि पर्यायी जमिनीचा हक्क आहे. मराठी आणि इंग्रजी प्रतींतली खंडांची अक्षरं जुळत नाहीत, म्हणून अर्जात इंग्रजी प्रतीचं अक्षर धरून मजकूर उतरवा. आता हे दोन जोडायचे कसे? करार थेट बजावता येत नाही, हे मान्य करून सुरुवात करा. मग घटनेच्या कलम ५१ चा इंग्रजीतला 'सी' खंड, जो आंतरराष्ट्रीय कायद्याचा आणि करारांचा आदर राखायला सांगतो, त्यानंतर विशाखा निकाल, १९९७, ज्यात देशी कायदा गप्प असेल तिथे करारातला आशय वाचता येतो असं ठरलं. आणि मग 'पर्यायी जमीन' या दोन शब्दांचा अर्थ लावायला कलम १२. वनहक्काचा दावा फेटाळल्याचं पत्र दावेदाराला मिळालं होतं का आणि ६० दिवसांच्या अपिलाची संधी कळवली होती का, हे तथ्य नसेल तर वरचा सगळा युक्तिवाद हवेत राहतो. उपविभागीय समितीच्या इतिवृत्ताची प्रमाणित नक्कल नसताना खंडपीठात जाऊ नका.

अशा प्रत्येक प्रकरणाचा आठ-दहा पानी इंग्रजी सारांश त्याच महिन्यात लिहून ठेवा: तथ्यं, प्रश्न, दोन्ही बाजू, निकाल, आणि निकाल चुकला असं वाटत असेल तर का. पीडितांची नावं काढून टाका. दहा वर्षांनी आठवून लिहिलेला सारांश फक्त आपली बाजू सांगतो.

भाषा

इंग्रजी अस्खलित हवी, आणि ती बोलण्यापेक्षा लिहिण्यात तपासली जाते. तालुका कोर्टातलं काम मराठीत चालतं, ते चांगलंच आहे, पण लेखी युक्तिवाद आठवड्यातून एकदा तरी इंग्रजीत लिहायची शिस्त लावून घ्या. हेगच्या दोन्ही न्यायालयांच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. नियमाने एक पुरते, पण खटल्याचे बरेच कागद फ्रेंचमध्ये असतात. पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेजचे वर्ग ऑनलाइनही मिळतात. सातत्य ठेवलं तर नोकरी-वकिली सांभाळून बी२ पातळी, म्हणजे स्वतंत्रपणे वाचता-बोलता येण्याइतकी भाषा, गाठायला साधारण तीन-चार वर्षं धरा.

खान्देशातल्या वकिलाकडे एक गोष्ट अशी आहे जी दिल्लीच्या वकिलाकडे सहसा नसते. आपले साक्षीदार पावरी, भिली, मावची, अहिराणीत बोलतात, कोर्ट मराठीत नोंदवतं आणि वरचा निकाल इंग्रजीत येतो. आंतरराष्ट्रीय न्यायाधीश आयुष्यभर हेच करतो: दुभाष्याच्या तोंडून माणूस ऐकतो. रवांडातल्या वंशसंहाराच्या खटल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी दिलेल्या अकायेसू निकालात किन्यारवांडा भाषेतून होणाऱ्या भाषांतरावर स्वतंत्र चर्चा आहे: साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानावर आलेलं भाषेत कसं मिसळतं, बलात्कारासाठी लोक कोणते आडवळणाचे शब्द वापरतात. धडगावच्या बाईच्या साक्षीत हेच घडतं. दुभाषी कोण होता, त्याने शपथ घेतली का, मूळ शब्द कंसात नोंदवला का, यावर हरकत घ्या आणि ती हरकत रोजनाम्यात आणा. हा अनुभव अर्जात दोन ओळींत नाही, एक पूर्ण परिच्छेद देऊन लिहा.

न्यायासनावर बसण्याचा अनुभव

मानवी हक्कांच्या वकिलाची सर्वांत कमकुवत बाजू हीच. तो नेहमी एका बाजूने उभा राहिलेला असतो. दुसरी बाजू ऐकून निर्णय लिहिल्याचा पुरावा नसेल तर कितीही मोठं काम असलं तरी शंका राहते.

वाटा तीन आहेत. घटनेच्या कलम २३३(२) नुसार ७ वर्षांच्या वकिलीनंतर जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला बसता येतं. खालच्या पायरीपासून जायचं तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विवाद न्यायाधिकरणाचं लक्ष्य असेल तर हीच वाट धरावी, आणि सेवेत असताना कामगार किंवा सेवाविषयक प्रकरणांचं न्यायालय मिळवण्याचा प्रयत्न करावा. दुसरी वाट अर्धन्यायिक आहे: ग्राहक आयोग, बालकल्याण समिती, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या अंतर्गत तक्रार समितीतला बाहेरचा सदस्य. इथे आदेश छोटे असतात, पण ते तुमचे असतात. तिसरी वाट फौजदारी अनुभव बळकट करणारी: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची बचाव वकील व्यवस्था, जिथे मुख्य पदासाठी १० वर्षांचा फौजदारी अनुभव लागतो, किंवा मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम ३१ खालचं विशेष सरकारी वकीलपद, ज्याला ७ वर्षांची वकिली लागते. दोन्ही बाजूंनी खटले चालवलेला माणूस निवड समितीला विश्वासार्ह वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

नवनीतम पिल्ले यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासावी. दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ कुटुंबातल्या. १९६७ मध्ये नाताळ प्रांतात स्वतःची वकिली सुरू केली, वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्यांचे खटले लढवले, मधे हार्वर्डला जाऊन डॉक्टरेट घेतली. १९९५ मध्ये देशातल्या उच्च न्यायालयात हंगामी न्यायाधीश झाल्या, त्याच वर्षी रवांडा न्यायाधिकरणावर निवड झाली, आणि अकायेसू निकाल देणाऱ्या पीठात त्या होत्या. पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. वकिलीचा पाया मोठा, न्यायासनाचा टप्पा छोटा पण वेळेवर, आणि पदवी मधल्या वयात.

पदवी आणि अभ्यास

एलएल.एम. परदेशातच हवं असं नाही, पण आंतरराष्ट्रीय कायद्याचं औपचारिक शिक्षण मात्र दिसायला हवं. पाच-सात वर्षांच्या वकिलीनंतर केलेलं एलएल.एम. लगेच केलेल्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं, कारण प्रबंधाला विषय आपल्या फाईलमधून मिळतो. खर्चाचा डोंगर असतो, त्यासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अनुसूचित जमातींना आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती, आणि सर्वांना ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या योजना आहेत. चेव्हनिंगला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. उत्पन्नाची मर्यादा आणि वयाची अट दर वर्षीच्या जाहिरातीतच बघा, मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

घर सोडता येत नसेल तर संयुक्त राष्ट्रांचं दृक्‌श्राव्य ग्रंथालय मोफत आहे, तिथे आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या माजी न्यायाधीशांची व्याख्यानं ऐकता येतात. हेग अकादमीचा उन्हाळी वर्ग तीन आठवड्यांचा, त्यालाही शिष्यवृत्ती असते. कोर्टाला जुलैत सुट्टी नसते, तेव्हा तारखा आधीच लांबवून घ्याव्या लागतील.

स्वतः अर्ज करता येतील अशा पायऱ्या

संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक आणि कार्यगटांचे सदस्य यांच्यासाठी सरकारने नाव सुचवावं लागत नाही. जागा जाहीर झाली की ऑनलाइन अर्ज, सल्लागार गटाची छाननी आणि मुलाखत, मग मानवी हक्क परिषदेकडून नेमणूक. कमाल मुदत ६ वर्षं, मानधन नाही. भारतातून मिलून कोठारी २००० ते २००८ निवासहक्काचे प्रतिवेदक होते, आणि २०२२ मध्ये बंगळुरूच्या दलित अभ्यासक अश्विनी के. पी. वर्णभेदाविषयीच्या प्रतिवेदक झाल्या. या पदावर लिहिलेले अहवाल न्यायाधीशपदाच्या अर्जाला वजन देतात.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात न्यायाधीश होता येत नसलं तरी तिथल्या वकिलांच्या यादीत भारतीयाला नाव नोंदवता येतं. किमान १० वर्षांचा संबंधित अनुभव, फौजदारी किंवा आंतरराष्ट्रीय कायद्यातली क्षमता आणि इंग्रजी किंवा फ्रेंच लागते. वकिलाचा सहायक म्हणून ५ वर्षं पुरतात. करार-समित्यांवर, म्हणजे मानवी हक्कांच्या करारांच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या समित्यांवर, मात्र देशाचं नामनिर्देशन लागतं. मानवी हक्क समितीचे १८ सदस्य चार वर्षांसाठी निवडले जातात. ब्रिटिश कायदेतज्ज्ञ रोझलिन हिगिन्स १९८४ ते १९९५ या समितीवर होत्या आणि तिथून आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेल्या. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली पण तो मान्य केलेला नाही, म्हणून त्या समितीचं दार बंद आहे.

नाव पुढे जातं कसं

आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी नामनिर्देशन करतात ते कायमस्वरूपी लवाद न्यायालयातले राष्ट्रीय गट, म्हणजे त्या न्यायालयासाठी प्रत्येक देशाने नेमलेले कायदेतज्ज्ञ. एक गट जास्तीत जास्त चार नावं देऊ शकतो, त्यात स्वतःच्या देशाची दोनच. गटाने सर्वोच्च न्यायालय, विधी महाविद्यालयं आणि अकादमींचा सल्ला घ्यावा असं संविधी सुचवते. मग आमसभा आणि सुरक्षा परिषद स्वतंत्रपणे मतदान करतात आणि दोन्हीकडे पूर्ण बहुमत लागतं: १९३ पैकी ९७ आणि १५ पैकी ८. इथे नकाराधिकार चालत नाही. २०१७ मध्ये भंडारी यांना शेवटी आमसभेत १८३ आणि परिषदेत सर्व १५ मतं मिळाली, पण त्याआधी अनेक फेऱ्या अडकल्या होत्या. देशाची राजनैतिक ताकद मागे असल्याशिवाय ही निवडणूक जिंकता येत नाही.

शासनाविरुद्ध खटले लढवणाऱ्या वकिलाचं नाव शासन का पाठवेल? हा प्रश्न टाळू नये. त्यासाठी खटले सोडायचे नाहीत. न्यायालयाने नेमलेला न्यायमित्र म्हणून काम घ्या, विधी आयोगाला किंवा संसदीय समितीला लेखी सूचना पाठवा, सरकारी यंत्रणेला प्रशिक्षण द्या, आणि युक्तिवादात शासनाबद्दल विशेषणं वापरणं बंद करा. कडक टीका तथ्यांत असली की विरोधी पक्षालाही तिचा आदर करावा लागतो.

चारित्र्य आणि जुने कागद

मोर्चातले गुन्हे मानवी हक्कांच्या वकिलावर असतातच. ते लपवू नका. एफआयआरची प्रत, दोषारोपपत्र, मुक्ततेचा किंवा प्रकरण मागे घेतल्याचा आदेश, सगळं इंग्रजी भाषांतरासह एका फाईलीत ठेवा. बार कौन्सिलकडे अ‍ॅडव्होकेट्स कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार झाली असेल तर तिचा निकालही. चौकशीत हे बाहेरून कळलं तर गुन्ह्यापेक्षा लपवणं महागात पडतं. समाजमाध्यमांवर चालू खटल्यांबद्दल लिहिलेलं आजच तपासा. आवेशात लिहिलेली एक ओळ निःपक्षपातीपणाच्या प्रश्नाला पुरेशी ठरते. प्राप्तिकराची विवरणपत्रं सलग असावीत, फी रोखीत घेतली तरी पावती द्यावी.

याच्या जोडीला आजपासून एक वही ठेवा, साधी रेघांची चालेल. पाच रकाने: प्रकरण क्रमांक आणि न्यायालय, कोणाच्या बाजूने, विरुद्ध कोण, कोणत्या कराराचा किंवा तत्त्वाचा आधार घेतला, आणि अंतिम आदेशाची तारीख. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीच्या कलम १७ नुसार न्यायाधीशाला तो पूर्वी वकील, सल्लागार किंवा अन्य नात्याने सहभागी असलेल्या प्रकरणात बसता येत नाही. निवड करणारेही अशी यादी मागू शकतात, आणि २० वर्षांच्या प्रकरणांची यादी आठवणीवर करायला बसलं की पहिल्या पाच वर्षांचे क्रमांक सापडत नाहीत, जुन्या तालुका कोर्टाच्या नोंदींतले निकाली दस्तऐवज नष्ट झालेले असतात. ज्या प्रकरणांच्या प्रमाणित नकला अजून काढलेल्या नाहीत, त्यांच्यापुढे लाल खूण करा आणि पुढच्या तारखेला नकलेचा अर्ज देऊन या.